फुटबॉलच्या स्कोअरमध्ये गोलच्या मिनिटापुढे दिसणारे ९०+४ म्हणजे ९४ नव्हे, पण ४५+२ म्हणजे ४७ तर मुळीच नव्हे!

नवीन आहेस, म्हणून आधी एकच गोष्ट पक्की कर: फुटबॉलचं घड्याळ थांबत नाही. दुखापत, बदली खेळाडू, व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणं) यांत गेलेला वेळ पंच प्रत्येक हाफच्या शेवटी भरून देतात. म्हणून ४५+२ ला झालेला गोल पहिल्या हाफमधला आणि ४७व्या मिनिटाचा दुसऱ्या हाफमधला. मीही सुरुवातीला इथेच फसायचो. हाफच्या शेवटी मैदानाबाहेरून दाखवतात त्या बोर्डावर ४ दिसले तर ती किमान मिनिटं समज. शिट्टी त्यानंतरही वाजू शकते.

एचटी म्हणजे हाफ टाइम, एफटी म्हणजे फुल टाइम, सामना संपला. सोपं आहे.

खरा घोळ 'एक्स्ट्रा टाइम'चा. समालोचकही कधीकधी भरपाईच्या मिनिटांना तेच म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नकोस. एक्स्ट्रा टाइम म्हणजे बाद फेरीत बरोबरी झाल्यावरची १५-१५ मिनिटं. निकाल तिथे लागला तर स्कोअरपुढे एईटी (आफ्टर एक्स्ट्रा टाइम) येतं. तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी शूटआउट. २०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात अर्जेंटिना-फ्रान्स ९० मिनिटांनंतर २-२, १२० नंतर ३-३ आणि पेनल्टीत ४-२ होते. पेनल्टीचे ते गोल मूळ स्कोअरमध्ये मिळवायचे नसतात बरं का.