कॅनडाच्या विद्यार्थी-परवान्यांचं ऑडिट करताना

हे काम पहिल्यांदाच हाती आलंय ना? मग घोषणेतला आकडा उचलून निष्कर्ष लिहायला बसू नकोस. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने सांगितलं, यंदा सुमारे ३,६०,००० नवे परवाने, म्हणजे ३५ टक्के घट. प्रत्यक्षात मर्यादा लावली होती अर्जांवर. मंजुरीचा आकडा हा अंदाज होता. म्हणून अर्ज, मंजुरी आणि प्रत्यक्ष आलेली मुलं असे तीन वेगळे रकाने कर. मुदतवाढीचे परवाने मर्यादेबाहेर, त्या वर्षी मास्टर्स-पीएचडीवालेही बाहेरच. हे एकत्र मिसळले की गणित फसतं.

जास्त वेळ दे तो प्रवेशपत्रांच्या (कॉलेजने प्रवेश दिल्याच्या पत्रांच्या) पडताळणीला. २०२३ मध्ये बनावट पत्रांमुळे भारतातली, त्यातही पंजाबची बरीच मुलं अडकली. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक पत्राला कॉलेजचा दुजोरा लागतो. पत्र खोटं सापडलं, छान. पुढे काय? एजंटापर्यंत कुणी पोचलं, की अर्ज फेटाळून फाइल बंद? थोडी प्रकरणं निवड आणि शेवटपर्यंत माग काढ. कॉलेजं गैरहजर मुलांची माहिती सरकारला कळवतात, तिथेही हेच विचार. याद्या करायला सगळे तयार असतात, पाठपुराव्याला माणूसबळ मात्र कुणी देत नाही (हे आपल्याकडेही तसंच).

खर्चासाठी दाखवायची रक्कम जानेवारी २०२४ मध्ये १०,००० वरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर झाली, ते तपासणं सोपं आहे. ठरावीक देशांच्या मुलांचे अर्ज लवकर निकाली काढणारी जलद योजना (स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम) नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तिच्यात भारतही होता. ती बंद होण्याआधी आणि नंतर निर्णयाला किती वेळ लागला, याचे आकडे देशवार माग. एकत्रित सरासरी दिली तर घेऊ नकोस.