सांगलीत सिव्हिल डिप्लोमा करतोय. सर्व्हेच्या इंटर्नशिपसाठी कुठे विचारू, काय शिकून जाऊ?

आधी खासगी सर्व्हेअर आणि रस्त्याचे ठेकेदार गाठ. तिथे यंत्राला हात लावायला मिळतो. भूमी अभिलेख कार्यालयात कॉलेजचं पत्र घेऊन जा. सातबारा, गट नकाशा आणि हद्दीची मोजणी यांचा मेळ तिथेच कळतो. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे तोंडपाठ हवं.

जाण्याआधी टोटल स्टेशनचं (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) सेंटरिंग-लेव्हलिंग, म्हणजे ते खुणेच्या बरोबर वर आणि समपातळीत लावणं, हातात बसव. नवख्यांची चूक बहुतेक प्रिझममध्ये होते, म्हणजे समोर काठीवर धरतात त्या, यंत्राचा किरण परत पाठवणाऱ्या काचेत. काठी वर केली पण उंची यंत्रात बदलली नाही, तर लेव्हल चुकते, जागा मात्र बरोबर दिसते. म्हणून चूक लवकर सापडतच नाही. प्रिझम कॉन्स्टंट (त्या प्रिझमसाठी अंतरात करायची ठरावीक दुरुस्ती) चुकला तर प्रत्येक अंतरात तेवढाच फरक पडतो. सेटअप झाल्यावर, आणि यंत्र हलवण्याआधी पुन्हा, बॅकसाइट (आधीच माहीत असलेल्या पॉइंटवरचं वाचन) तपासायचीच.

रोव्हरवर (उपग्रहांवरून जागा काढणारं, हातात घेऊन फिरायचं यंत्र) ‘फिक्स’, म्हणजे जागा अचूक मिळाल्याची खूण, आल्याशिवाय पॉइंट घेऊ नकोस. आंब्याखाली तो ‘फ्लोट’वर जातो, म्हणजे जागा अंदाजेच मिळते.

वाळवा-मिरजेकडे उभ्या उसात समोरचं काही दिसत नाही. शेतातलं काम शिकायचं असेल तर तोडणी झाल्यावरचे महिने माग. आणि फील्डबुक रोज जागेवरच लिही, स्केचसकट.