फॉर्म परत आला, म्हणजे शिष्यवृत्ती गेली का?

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या तक्रारी एकसारख्या होऊ लागतात. झोप लागत नाही, वर्गात लक्ष नाही, मेसचं जेवण जात नाही. थोडं बोलतं केलं की खाली बऱ्याचदा एकच प्रश्न सापडतो : "महाडीबीटीचा फॉर्म परत आलाय. आता फी घरच्यांनाच भरावी लागणार का?" महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं सरकारी संकेतस्थळ. मी पुण्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात समुपदेशक आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणं माझं काम नाही. पण हा प्रश्न बाजूला ठेवून त्या मुलांशी मनाबद्दल बोलणं शक्य होत नाही, हे मी पुष्कळदा अनुभवलं आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिला इथे रेखा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी तिला माझ्याकडे धाडलं होतं. पहिलं वर्ष, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या राउंडमधून मिळालेला प्रवेश, ओबीसी प्रवर्ग, बारावीला चांगले गुण. आणि ही मुलगी रूममेटला सांगत होती की मी आता गावी जाते, शिक्षण नको. गावी तरी कोण होतं? एकटी आजी. आई-वडील धाकट्या भावाला घेऊन कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेले होते, ते येणार होते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर.

तिच्या मोबाईलवर अर्ज 'सेंड बॅक' झाल्याचा संदेश आला होता. तिने त्याचा अर्थ लावला, नामंजूर. त्यानंतर तिने ते संकेतस्थळ उघडलंच नाही. तेवढ्यात कार्यालयाबाहेर शिष्यवृत्ती प्रलंबित असलेल्यांची यादी लागली, तीत तिचं नाव. मग रात्री अंथरुणात पडून हिशोब. फी लाखाच्या घरात. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल जवळपास तेवढीच, आणि ती फिटायला अख्खा हंगाम दोघांनी कोयता चालवायचा. "म्हणजे माझ्या एका वर्षासाठी त्यांना अजून एक हंगाम तोडावं लागेल, मॅडम. आईची कंबर गेलीय आधीच."

अठरा वर्षांची मुलगी हा हिशोब एकटीने करत होती. तिच्या जागी मी असते तर मलाही झोप लागली नसती, आणि हे मी तिला सांगितलं. "काळजी करू नकोस" हे वाक्य अशा वेळी मी वापरत नाही. काळजी खरी असते. ती नेमकी कशाची आहे, एवढं वेगळं काढता येतं.

म्हणून आम्ही दोघींनी शेजारी बसून तिचं लॉगिन उघडलं. अर्जाखाली शेरा होता, तो तिने वाचलाच नव्हता. दोन त्रुटी होत्या. उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला होता. आणि प्रवेशाचा प्रकार निवडताना तिने कॅपऐवजी संस्था स्तर निवडला होता. दुसरी चूक दिसायला छोटी, पण तेवढ्याने सगळा लाभ जाऊ शकतो. कारण व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीमाफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच आहे, संस्था स्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून आलेल्यांना नाही.

इथे थोडं थांबून सांगते, कारण पालकही मला हेच विचारतात. अर्ज आधी महाविद्यालयाकडे जातो, तिथून संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे. दोन्ही ठिकाणी तपासणी होते आणि काही कमी आढळलं तर तो विद्यार्थ्याच्या लॉगिनला परत येतो. दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवायचा असतो. परत येणं आणि नामंजूर होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. परत आलेला अर्ज कोणी उघडलाच नाही, तर मात्र तो तसाच पडून राहतो आणि मुदत निघून जाते. मुलांचं नुकसान होताना मी जास्त करून असंच पाहिलंय.

रेखाला आणखी एक गोष्ट पक्की माहीत नव्हती. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. गावातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की हे "निवडणुकीपुरतं होतं, आता बंद". असं ऐकीव बोलणं मुलींचं फार नुकसान करतं.

दाखला नवा काढायचा, तर अण्णांना सांगावं लागणार. इथे ती गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्यांना कळलं की ते मुकादमाकडे जातील." खरी गाठ इथे होती. फॉर्म दोन त्रुटींवर अडला होता, आणि ती मात्र वडिलांना वाचवायचं म्हणून अडली होती. घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प राहणारी मुलं मला फार भेटतात. गुणी असतात ती. पण त्या गप्प राहण्यात घरचे लोक मदत करायचीही संधी गमावतात. मी तिला विचारलं, "तू शिक्षण सोडून गावी गेलीस, हे अण्णांना हंगाम संपल्यावर कळलं, तर त्यांना काय वाटेल?" ती रडली. मग म्हणाली, "फोन लावू. पण तुम्ही बसा."

फोन रात्रीच लागणार होता. पहाटे अंधारात फडात जायचं, गाडी भरून झाली की कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, परत, आणि तिथे रेंज असेल तर. दोन दिवसांनी लागला. ती बोलायला लागली आणि ती ज्याला भीत होती तेच झालं. अण्णा म्हणाले, "पोरी, तू शिक. पैशाचं म्या बघतो, मुकादमाला अजून मागतो." मग मी बोलले. म्हटलं, "अण्णा, उचल घेऊ नका. पैसे लागत नाहीत, कागद लागतोय." पलीकडे जरा शांतता. मग त्यांचा प्रश्न आला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो : "पर ती उचल उत्पन्नात धरत्याल का, म्हणून तर आम्ही दाखल्याच्या नादी लागत नाही." उचल ही पुढच्या मजुरीची आगाऊ रक्कम. ती कामातून फिटते, म्हणून मजुरी आणि उचल अशी दोनदा मोजायची नसते. वर्षाची तोडीची मजुरी आणि खरिपात जे पिकलं ते, एवढं खरं सांगायचं. त्यांचं उत्पन्न मर्यादेच्या आसपाससुद्धा नव्हतं.

पुढचं काम चुलत्यांनी केलं. तलाठ्याचा अहवाल, सेतू केंद्रातून अर्ज, तहसीलदारांचा दाखला. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, आणि त्याखाली उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. पावती जपून ठेवली तर उशीर झाल्यास दाद मागता येते. आधारला मोबाईल नंबर अण्णांचा होता. म्हणजे ओटीपी जायचा कोपीवर. रेखा आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन स्वतःचा नंबर लावून आली, त्याला वडील सोबत असावे लागत नाहीत. बँकेचंही असंच. सरकारी पैसे त्याच खात्यात जातात जे आधारशी शेवटचं जोडलेलं असतं, आणि तिचं जोडलेलं होतं शाळेत असताना उघडलेलं, वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं. पुण्यातलं चालू खातं जोडून घेतलं.

या माफीत वसतिगृह आणि मेस येत नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी मुलामुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये. तिथे जागा मर्यादित आणि निवड गुणांवर, म्हणून रेखाला मी "मिळेलच" असं म्हटलं नाही. अर्ज कर म्हटलं.

मला या सगळ्यात एक गोष्ट मनापासून खुपते. दाखले, आधार, वडिलांची सही हे सगळं आपण मागतो नेमकं तेव्हा, जेव्हा ऊसतोडीची घरं कुलूप लावून गेलेली असतात. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. प्रवेश झाल्याझाल्या, गणपतीच्या सुमारासच, महाविद्यालयांनी अशा मुलांना बोलावून कागद बघून घ्यायला काय हरकत आहे? आमच्याकडे आता मी कार्यालयाला तेवढं करायला लावते. तोडीला जाणारं घर कुणाचं आहे, हे वर्गात हात वर करायला लावून विचारायचं नाही. एकेकाला बोलावून विचारायचं.

रेखाचा अर्ज महाविद्यालयाकडून आणि मग जिल्ह्याकडूनही मंजूर झाला. शिक्षण सोडायचं तिने पुन्हा काढलं नाही, पण झोप लगेच लागू लागली असंही नाही. सत्र परीक्षेपर्यंत आम्ही भेटत राहिलो. आधार योजनेच्या यादीत त्या वर्षी तिचं नाव आलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या रिन्यूअलसाठी तिने उत्पन्नाचा नवा दाखला अण्णा गावात असतानाच, उन्हाळ्यात, काढून आणला, आणि आधार योजनेचा अर्जही पुन्हा भरला.