एक्लिप्ससाठी लिहिलेलं सेटिंग्ज तपासणारं टूल मूळ प्रकल्पात कसं द्यायचं?

तुम्ही लिहिलंय की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कोल्हापुरात तुम्ही दोघांनी एक्लिप्सचं, म्हणजे कोड लिहायच्या त्या सॉफ्टवेअरचं, प्लगइन (जोडायचा जादा भाग) केलंय. कुठलीही सेटिंग निवडली की तिची व्हॅल्यू कुठून आली ते त्यात दिसतं. आता ते एक्लिप्सलाच द्यायचंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

कोड पाठवून सुरुवात करू नका. आधी प्रेफरन्स स्पाय हे सेटिंग्जमधले बदल दाखवणारं टूल वापरून बघा. एक्लिप्समध्ये प्लगइन लिहिणाऱ्यांसाठी पीडीई नावाचा भाग आहे, त्यातच तो येतो. ट्रेस चालू करून एखादी सेटिंग बदलली की नोड (सेटिंग्जचा गट), ‘की’ (सेटिंगचं नाव), जुनी व्हॅल्यू, नवी व्हॅल्यू अशी ओळ उमटते. म्हणजे तुमच्यासारखंच एक टूल तिथे आधीपासून आहे, आणि तुम्ही दुसरं घेऊन गेलात तर पहिला प्रश्न येणार, हे वेगळं कशाला? तो प्रश्न रास्तच आहे, कारण तुम्ही पास होऊन पुण्याला गेल्यावर तो कोड सांभाळणार एक्लिप्सचेच लोक.

तुमच्याकडे उत्तर आहे, फक्त ते नीट मांडा. स्पायचा मूळ हेतू बदल टिपण्याचा. तुमचं टूल बदल न करताच सांगतं की आत्ता लागू असलेली व्हॅल्यू कुठल्या थरातली आहे. एक्लिप्स साधारणपणे आधी प्रोजेक्ट बघतं, मग वर्कस्पेस (सगळे प्रोजेक्ट आणि सेटिंग्ज ठेवायचं फोल्डर), मग कॉन्फिगरेशन (त्या इन्स्टॉलेशनच्या सेटिंग्ज) आणि शेवटी डीफॉल्ट. गोंधळ होतो तो इथेच.

आमच्याकडचंच सांगतो. राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. जावाच्या कोडमध्ये मराठी कमेंट सर्रास असतात, ‘ब्लोहोलचा माल रिजेक्शनमध्ये, वजन मात्र मेल्टिंगमध्येच धरायचं’ अशा. एका मशीनवर या कमेंटच्या जागी तिरकी रेघ घेतलेला रोमन ए आणि चलनाची गोल खूण यांची रांगच्या रांग दिसायची. शेजारच्या मशीनवर तीच फाइल निवांत मराठीत. दोन्ही वर्कस्पेसच्या सेटिंग्जच्या फायली शेजारी-शेजारी ठेवल्या, तर बिघडलेल्या मशीनवर एन्कोडिंगची, म्हणजे फाइलमधली अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची ते सांगणारी, ओळच नाही. ती वर्कस्पेस जुन्या एक्लिप्समधली होती, तिथे कुणी काही ठरवलेलं नव्हतं म्हणून विंडोजचं सीपी-१२५२ लागू झालं, ज्यात मराठी अक्षरंच नाहीत. नव्या वर्कस्पेसला आपोआप मराठी चालणारं यूटीएफ-८ मिळायला लागलं ते २०२२ च्या जूनमधल्या आवृत्तीपासून. जी ओळ फाइलमध्ये नाहीच ती शोधून कशी सापडणार? शेवटी एन्कोडिंग प्रोजेक्टच्याच सेटिंग्जमध्ये लिहून गिटमध्ये (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये) टाकलं, तेव्हा विषय मिटला.

याच कारणाने तुमच्या टूलने नुसत्या फायली वाचू नयेत. पर्यायांच्या खिडकीतून व्हॅल्यू पुन्हा डीफॉल्टवर नेली की एक्लिप्स बहुतेक वेळा ती ओळ फाइलमधून काढूनच टाकतं. आणि डीफॉल्ट प्लगइनच्या कोडमधून येतात, तेही त्या प्लगइनचे डीफॉल्ट कुणी पहिल्यांदा मागितल्यावर. तुमचा तक्ता आधी रिकामा आणि थोड्या वेळाने भरलेला दिसत असेल तर ते हेच. रिव्ह्यू करणारे हे हमखास विचारतील.

आणखी दोन गोष्टी आधीच तपासा. सेटिंग बदलल्याची सूचना कुठल्याही थ्रेडवरून (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकातून) येऊ शकते. ती तशीच तक्त्यात लिहायला गेलात तर ‘इनव्हॅलिड थ्रेड अ‍ॅक्सेस’ तोंडावर येतं, त्यामुळे ते काम खिडक्या रंगवणाऱ्या यूआय थ्रेडकडे सोपवा. आणि खिडकी बंद करताना लावलेले सगळे लिसनर (बदलाची सूचना ऐकणारे कोडचे तुकडे) काढा. हे दुसरं विद्यार्थी फार विसरतात, कारण डेमोच्या दहा मिनिटांत त्याचा काही त्रास होत नाही.

आता प्रत्यक्ष देणं. गिटहबवर पीडीईच्या रिपॉझिटरीत (कोड ठेवलेल्या जागी) आधी इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, उघडा. त्यात टूलची तारीफ नको, अडचण लिहा: अमुक सेटिंग, अमुक दोन वर्कस्पेस, आणि आज ते शोधायला काय काय उघडावं लागतं. एक स्क्रीनशॉट जोडा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, तिथल्या अनेकांची मातृभाषा जर्मन आहे. दरम्यान एक्लिप्सचं खातं काढून कॉन्ट्रिब्यूटर करारावर सही करून ठेवा, ती ऑनलाइनच होते. गिटच्या कमिटमधला ईमेल आणि त्या खात्यातला ईमेल एकच हवा, नाहीतर तपासणी तिथेच लाल होते. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर गिटमध्ये भलत्याच कुणाचं नाव असतं, तेवढं बघा.

मग पहिला पुल रिक्वेस्ट (तुमचा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) छोटा करा. मी तुमच्या जागी असतो तर अख्खी खिडकी न देता, आहे त्या स्पायमध्ये ‘व्हॅल्यू कुठल्या थरातली’ एवढा एकच कॉलम आधी दिला असता. हजार ओळींच्या वरचं योगदान असेल तर परवान्याची वेगळी छाननी लागते, आणि ती टळली तर बरंच. नव्या फायलींवर ईपीएल २.० या एक्लिप्सच्या परवान्याचा मथळा ठेवा. बंडलचा (ज्या प्लगइनमध्ये बदल केला त्याचा) व्हर्जन नंबर वाढवायला सांगितलं तर बिचकू नका, प्रत्येक आवृत्तीच्या चक्रात त्या बंडलला पहिल्यांदा हात लावणाऱ्याला ते करावंच लागतं.

एक्लिप्सची आवृत्ती दर तीन महिन्यांनी येते, मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर. शेवटच्या टप्प्यात फक्त दुरुस्त्या घेतात, नवीन काही नाही. त्यामुळे परीक्षा संपल्यावर लगेच मे अखेरीस टाकलात तर पुल रिक्वेस्ट जूनची आवृत्ती निघेपर्यंत पडून राहील. त्याचा अर्थ नकार असा घेऊ नका, आणि रोज ‘एनी अपडेट?’ विचारू नका.