२७ वर्षं शिकवलं, आता परीक्षा कशी देऊ?

"मॅडम, वाचलेलं ध्यानातच राहीना. या वयात टीईटी कशी निघायची?"

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. गेल्या काही महिन्यांत प्राथमिक शिक्षकांकडून हा प्रश्न मी सारखा ऐकते आहे. विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे. कुणी औशाकडचे, कुणी निलंग्याचे, कुणी थेट देगलूरहून येतात. मी लातूरला समुपदेशन करते. हे गाव परीक्षांवर चालतं. ट्यूशन एरियात बारा महिने नीट परीक्षेची पोरं आणि त्यांचे आईबाप दिसतात, आणि माझ्याकडेही वर्षानुवर्षं तीच पोरं यायची. आता त्याच खुर्चीत त्यांना पहिलीत बाराखडी शिकवणारे गुरुजी आणि बाई येऊन बसायलेत.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगते. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. पाच वर्षांहून कमी उरली असेल त्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही. आपल्या राज्यात ही परीक्षा पहिल्यांदा झाली २०१३ साली. त्याच्या कितीतरी आधी नेमणूक झालेल्यांनी ती आपल्याला लागू होईल असं कधी मनातही आणलं नव्हतं.

एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ५१. बारावीनंतर डीएड, १९९८ ला जिल्हा परिषदेत नेमणूक. सध्या द्विशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरी त्यांच्याकडे. त्यांना घेऊन आला त्यांचा मुलगा. तोही स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याने सांगितलं, आई रात्री दोनला उठून बसते, जेवण कमी झालंय आणि शाळेतून आली की बोलतच नाही.

बाई आधी मुलासमोर काही बोलल्या नाहीत. तो बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "मॅडम, मी पुस्तक लपवून वाचायलेय."

टीईटीचं मार्गदर्शक पुस्तक त्यांनी वर्गातल्या मुलांच्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवलेलं असायचं. घरी कुणी आलं की वर वही ओढायची आणि तपासायला लागायचं. शाळेतही तेच. जोडीचे सर तरुण, टीईटी पास होऊनच लागलेले. त्यांच्यापुढे पुस्तक उघडायची लाज. मुलापुढेही लाज, कारण त्याला दहावीपासून "अभ्यास कर" म्हणत आलेल्या त्याच. आणि गावात कुणाला कळलं तर? ज्या गावातली निम्मी तरणी माणसं आपल्या हाताखालून गेली, तिथं "बाई नापास झाल्या" हा शब्द ऐकायचा?

मला इथं पहिली गाठ दिसली. बाई मला सांगत होत्या स्मरणशक्तीबद्दल, पण त्यांना आतून कुरतडत होता तो अपमान. "२७ वर्षं झाली. अधिकारी आले, तपासून गेले, शेरे चांगले दिले. आता म्हणतात, तुम्ही शिक्षक आहात हे सिद्ध करा." हे सांगताना त्या रडल्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही. अशा वेळी "अहो, सोपी असते परीक्षा, होऊन जाईल" असं म्हणणारे घरात आणि शेजारी पुष्कळ असतात. त्याने माणूस आणखी एकटा पडतो. अपमान वाटला असेल तर तो वाटला आहे. आधी त्याला नीट जागा द्यावी लागते. निर्णय योग्य की अयोग्य हा वाद संघटना आणि वकील लढतील, त्यासाठी वर्गणी द्या, मोर्च्याला जा. पण तो लढा आणि रात्रीचा अभ्यास एकाच वेळी एकाच डोक्यात चालवला, तर दोन्हीची नासाडी होते. हे मी बाईंना स्पष्टच सांगितलं.

भीतीचं दुसरं मूळ घरात होतं. यजमान शेती करतात. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन उभ्या रानात सडलं. मुलाची नोकरी अजून नाही. म्हणजे घरात खात्रीचा पैसा एकच, बाईंचा पगार. पुस्तकाचं पान उघडलं की त्यांना समोर प्रश्न दिसत नव्हता, घराचा हप्ता दिसत होता. काळजी मनातली जागा खाते. हातातलं काम धरून ठेवायला जेवढी जागा लागते, तीच ती अडवून बसते. म्हणून चार वेळा वाचलेला परिच्छेद पाचव्यांदाही कोरा वाटतो. बुद्धी कुठं गेलेली नसते.

तरीही शरीराकडे दुर्लक्ष करू नये. बाईंना मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. पन्नाशीच्या आसपास पाळी जाण्याच्या काळात झोप तुटते, अंगातून वाफा येतात आणि शब्द ऐन वेळी आठवत नाही. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बी बारा, साखर, रक्तदाब यांनीही थकवा आणि विसराळूपणा येऊ शकतो. आमच्याकडच्या शिक्षिका हे सगळं "वय झालं" म्हणून सोडून देतात आणि मग स्वतःला ढ ठरवतात. बाईंचं हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. त्यावर उपचार सुरू झाले.

मग झोप. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरापर्यंत निकालाचे अर्थ, अफवा, "आता सगळ्यांना घरी बसवणार" असले निरोप चालायचे. ते वाचून त्या झोपायला जात आणि दोनला उठत. आम्ही ठरवलं की रात्री आठनंतर ग्रुप बंद. ज्या एका जबाबदार पदाधिकाऱ्यावर त्यांचा विश्वास होता, त्यांना आठवड्यातून एकदा फोन करून काय खरं ते विचारायचं. अभ्यास पहाटे, डोकं ताजं असताना, आणि तासाभराहून जास्त नाही. या बाईंचा दिवस कसा असतो हे मला माहीत होतं: परिपाठ, दोन वर्ग एकत्र, पोषण आहाराची नोंद, कुणाच्या आधारची दुरुस्ती, ऑनलाइन भरायची माहिती, त्यात मतदार यादीचं काम आलं तर घरोघर फिरणं. एवढं करून आलेल्या बाईला रात्री चार तास अभ्यासाला बसा म्हणणं मला पटत नाही.

वाचण्याच्या पद्धतीबद्दलही बोललो. त्या पान पुन्हा पुन्हा वाचत होत्या. त्याने ओळखीचं वाटतं, पण आठवत नाही. मी म्हटलं, एक पान वाचा, पुस्तक मिटा, आठवेल तेवढं कागदावर लिहा, मग ताडून बघा. दोन दिवसांनी परत, आठवड्याने परत. बाई म्हणाल्या, "हे तर मी पोरांकडून पाढ्यांना करून घेते!" स्वतःला मात्र त्यांनी ही सवलत कधी दिली नव्हती.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं जे झालं, ते जुन्या प्रश्नपत्रिकेवरून. पेपर एकमध्ये, म्हणजे पहिली ते पाचवीच्या शिक्षकांच्या पेपरात, १५० प्रश्न असतात, अडीच तास. बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. उणे गुण नाहीत. खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात. मला वाटलं होतं की बालमानसशास्त्रात बाई सहज तरतील, आणि नेमके तिथंच त्यांचे प्रश्न चुकत होते.

मी त्यांना म्हटलं, उत्तर का निवडलं ते बोलून सांगा. वर्गात घाबरून गप्प बसणाऱ्या मुलाबाबत शिक्षकाने काय करावं, असा एक प्रश्न होता. बाईंनी पर्याय वाचले आणि बोलायला लागल्या. त्यांची पहिली शाळा किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसन झालेल्या गावात होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घरं पडली तेव्हा जी मुलं तान्ही किंवा दोनचार वर्षांची होती, ती १९९८ ला त्यांच्या वर्गात होती. काही जण भिंतीला टेकून बसत नसत. एक मुलगा दाराबाहेर पायरीवर बसायचा. बाईंनी त्याला आत ओढलं नाही. पाऊस नसेल त्या दिवशी सगळा वर्गच लिंबाखाली नेला आणि हळूहळू फळा दाराजवळ आणला. पुढं तांड्यावरच्या शाळेत त्यांनी गोरमाटीतले, म्हणजे बंजारा बोलीतले, रोजचे शब्द शिकून घेतले, कारण पहिलीतल्या लेकरांना मराठीच कळत नव्हती. वाचता येणाऱ्या पोरीला न येणाऱ्या पोराशेजारी बसवायची सवय त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती.

"मग इथं उत्तर कोणतं लिहायचं? पोरगं कोणतं आहे त्यावर आहे ना सगळं," त्या म्हणाल्या.

अडचण नेमकी ही होती, आणि अनुभवी शिक्षकांमध्ये मला ती वारंवार दिसते. नवख्या उमेदवाराला पुस्तकातलं एकच मूल माहीत असतं, त्यामुळे तो पटकन खूण करतो. बाईंना प्रत्येक पर्यायात एक ओळखीचं मूल दिसत होतं, आणि चारही पर्याय कुठल्या ना कुठल्या लेकराला लागू पडत होते. त्यात वेळ जायचा, शंका यायची, शेवटी चुकीचं निवडलं जायचं. याला अज्ञान म्हणणं मोठा अन्याय आहे. मी त्यांना सांगितलं, परीक्षेची एक ठरलेली भाषा असते. पेपरात विचारलेलं मूल तुमच्या वर्गात नाही. तिथं पियाजे, वायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं हा विचार, यांच्या चौकटीत बसणारं उत्तर द्यायचं असतं. तुम्ही जे करत आलात त्याला पुस्तकात काय नाव आहे, एवढंच शोधायचं.

त्यानंतर त्यांनी एक वही केली. डाव्या पानावर आपल्या वर्गातला प्रसंग, उजव्या पानावर त्याचं पुस्तकी नाव. पोरीला पोराशेजारी बसवणं, पायरीवरच्या मुलाला हळूहळू आत आणणं, तांड्यावरच्या लेकरांशी आधी त्यांच्या बोलीत बोलणं. त्या विभागातला गोंधळ या वहीने कमी केला. ज्या मैत्रिणींना ती दाखवली त्यांनीही तशीच वही केली, हे मला फार मोलाचं वाटतं.

लपवण्याचं काय? तो निर्णय मी त्यांच्यावर सोडला होता. एका सकाळी त्यांनी मुलालाच गणिताचा प्रश्न विचारला. तो शांतपणे समजावत बसला. शाळेतल्या सरांना अजून विचारलं नाही म्हणतात, आणि मी आग्रह धरलेला नाही. सगळ्यांपुढे उघडं व्हायलाच हवं असं काही नसतं, घरातलं एक माणूस पुरतं.

नोव्हेंबरमध्ये त्या परीक्षेला बसल्या. उत्तरसूची आल्यावर ताडून पाहिलं, तर ९० ला थोडे गुण कमी पडत होते. फोनवर आवाज नाराज होता, पण बोलणं वेगळं होतं: "बालमानसशास्त्र बरं गेलं मॅडम. इंग्रजी आणि गणितात मार खाल्ला. आता तेवढ्याच दोन विषयांचं बघायचंय." आधी "मला काहीच येत नाही" म्हणणाऱ्या बाई आता नेमकं काय येत नाही ते सांगत होत्या. पुढच्या परीक्षेची तयारी त्यांनी अपूर्णांकापासून सुरू केली आहे.

असे शिक्षक ज्यांच्या घरात आहेत त्यांनी एवढं बघावं: दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, शाळेत जायच्या वेळी छातीत धडधड होऊन रजा पडत असतील, किंवा "माझा आता काही उपयोग नाही" असं बोलणं येत असेल, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका. मरणाचं बोलणं आलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि त्यांना एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं.