चर्चमधली माझी छोटी सेवा कोणाच्या खिजगणतीतही नाही. तरी त्यात विश्वासू कसं राहायचं?

सात वर्षं खुर्च्या मांडताय, गीतांची पुस्तकं वाटताय, कोणी दोन शब्द बोलत नाही आणि आता रविवार आला की नकोसं होतं, असं तुम्ही लिहिलंय. वाचून हसू आलं, कारण यातून मीही गेलेय.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतो त्या विधीचे, पेले मी धुते. अकरा वर्षं झाली. अंगठ्याएवढे काचेचे पेले, एका ट्रेमध्ये चाळीस, असे चार ट्रे. द्राक्षरस तळाशी सुकला की जांभळी कड धरतो, ती नुसत्या पाण्याने जात नाही. फडक्याचं टोक पिळून प्रत्येक पेल्यात फिरवावं लागतं. माझं आवरेपर्यंत बाहेरच्या गप्पा संपून दारं लावायची वेळ झालेली असते.

पाचव्या की सहाव्या वर्षी माझं डोकं फिरलं. वार्षिक सभेत गायकांचे आभार, संडेस्कूलच्या शिक्षकांचे आभार, अगदी माईक लावणाऱ्याचेही. माझं नाव नाही. पुढच्या प्रभुभोजनानंतर मी मुद्दाम पेले तसेच टाकून घरी आले. कोणीतरी ते नुसते विसळून ठेवले असणार, कारण पुढच्या वेळी पेला हातात घेतला तर चिकट लागला. आणि मला आतून बरं वाटलं! आता कळेल म्हटलं. हातात प्रभूच्या भोजनाचा पेला आणि मनात हे. त्याची आजही लाज वाटते.

कामाने मी कधी दमलेच नव्हते. दमवत होती ती मनातली वही: कोण किती राबतं, कोण आयतं येऊन बसतं, कोणाचं नाव कितीदा घेतलं. ती वही तुमच्याकडेही असेल तर आधी तिच्याकडे बघा.

मत्तय २५ मधला दाखला, धनी परदेशी जाताना तीन चाकरांकडे आपले पैसे सोपवतो तो, आपण लहानपणापासून ऐकतो, पण २१ आणि २३ ही दोन वचनं शेजारी ठेवून वाचा. पाच तालांत (त्या काळचं पैशाचं मोठं माप) मिळालेल्याला आणि दोन मिळालेल्याला धनी जी शाबासकी देतो, ती तंतोतंत एकच आहे. तीन जादा कमावले म्हणून पहिल्याला एक शब्दही जास्त नाही. आणि ज्याला एकच मिळाला त्याचाही वाटा काही चिल्लर नव्हता. एक तालांत म्हणजे ६,००० दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. जवळजवळ वीस वर्षांची कमाई झाली. पण कमी मिळाल्याची तक्रार तो करतच नाही. तो म्हणतो, तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होतं. धन्याबद्दल मन कडू झालं होतं, म्हणून त्याने पैसे वापरायचे सोडून जमिनीत पुरले. मी पेले टाकून आले तेव्हा माझंही तेच झालं होतं. फक्त तेव्हा मला वाटत होतं की माझा राग कमिटीवर आहे.

आता दुसरी बाजू. विश्वासू राहायचं म्हणजे तोंड दाबून सोसायचं, हे मला पटत नाही. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही, सात माणसं नेमली. अन्न वाटायच्या कामासाठी त्यांनी मागितलं काय, तर आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली माणसं! खुर्च्या मांडायला कोणीही चालतो असं तुमच्या मंडळीत समजत असतील तर हा अध्याय त्यांना जरूर दाखवा.

तुमच्यासाठी म्हणाल तर पाळकांना सरळ सांगा की महिन्यातला एक रविवार मला सुट्टी हवी आणि जोडीला एक माणूस हवा. मी फार उशिरा सांगितलं. आणखी एक, खुर्ची मांडताना तिथे रोज कोण बसतं त्याचं नाव मनात घ्या. ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याने आभार मानले का, हे मोजणं मला तरी जमत नाही.

हल्ली एक कॉलेजचा मुलगा माझ्या मदतीला येतो. पेले ओलेच उपडे घालतो, डाग राहतात. दोनदा सांगून झालंय. तो गेल्यावर मी गुपचूप पुन्हा पुसून ठेवते.