सेटएफएसीएलने (फाइलवर ठरावीक युजरला वेगळी परवानगी देणाऱ्या कमांडने) युजरला रीड-राइट दिलं, तरी लिनक्सवर फाइलमध्ये लिहिता का येत नाही?
बहुतेक वेळा मास्क, म्हणजे नावानिशी दिलेल्या आणि ग्रुपच्या परवानग्यांवरची कमाल मर्यादा, आडवा येतो. एसीएल (अशा वेगळ्या परवानग्यांची यादी) लावलेल्या फाइलवर नंतर कुणी सीएचमॉड ६४० (नेहमीच्या परवानग्या बदलणारी कमांड) चालवलं, तर मधला ४, म्हणजे नुसतं रीड, मास्कवर बसतो आणि नावानिशी दिलेल्या रीड-राइटमधलं नुसतं रीड उरतं. एसीएल दाखवणाऱ्या गेटएफएसीएलमध्ये त्या युजरच्या ओळीपुढे ‘इफेक्टिव्ह’ छापलेलं दिसेल. कर्नल (लिनक्सचा गाभा) आधी मालक, मग नावानिशी नोंदलेला युजर, मग ग्रुप, शेवटी अदर (बाकीचे सगळे) बघतो; युजरची नोंद जुळली की पुढे जातच नाही, त्यामुळे अदरला राइट देऊन काही होत नाही. (मालक आणि अदर यांना मास्क लागत नाही.) सेटएफएसीएलनेच मास्क परत रीड-राइट करा. मात्र वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीवर त्या युजरला एक्झिक्यूट (आत शिरण्याची परवानगी) नसेल, तर फाइलपर्यंत पोचताच येणार नाही.